एक लॅपटॉप, तीन पडदे

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वायरी आणि पिना या विषयावर लेख लिहावा, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. अंकाच्या संपादकांनाही वाटले. ‘एखादी कविता नाही का?’ असे त्यांनी विचारून पाहिले. कविता नाही. पण ज्या कामापायी मी या भानगडीत पडले ते काम थेट आपल्या भाषेचे, तिच्या अनुस्वारांचे आणि वेलांट्यांचे आहे. तेव्हा लेख अगदीच परक्या प्रांतातला ठरू नये.

माझे वडील मुद्रितशोधक आहेत. वयाच्या अठराव्या वर्षी ते कंपोझिटर म्हणून छापखान्यात शिरले, तेव्हा खिळे जुळवण्याचे दिवस सरत आले होते. पुढे खिळे गेले, ऑफसेट आले, संगणकावरची अक्षरजुळणी आली, आणि बाबा केसेसपासून उठून मुद्रिते तपासायला बसले. ते ज्या छापखान्यात होते तो २०२० च्या टाळेबंदीत बंद पडला तो पुन्हा उघडलाच नाही. तेव्हापासून बाबांचे कार्यालय म्हणजे धायरीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीतले, खिडकीखालचे टेबल. धायरी २०१७ साली पुणे महानगरपालिकेत गेली खरी, पण सिंहगड रस्त्याने पेठेत जायचे म्हणजे आमच्याकडे अजून ‘पुण्यात जाऊन येतो’ असेच म्हणतात. आता मुद्रितांचे गठ्ठे आणायला पुण्यात जावे लागत नाही. प्रकाशक ती ई-मेलने धाडतात आणि बाबा ती एका जुन्या लॅपटॉपवर वाचतात.

मुद्रितशोधन हे मुळात दोन माणसांचे काम. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मुद्रितावर पेन्सिल फिरवायची. वाचणाऱ्याला छापखान्यात ‘कॉपी होल्डर’ म्हणत. लहानपणी सुट्टीत ते काम माझ्याकडे असे. स्वल्पविराम, अवतरणचिन्हे सगळे तोंडाने म्हणायचे. आता मी दिवसभर महाविद्यालयात, आई तिच्या नोकरीवर, आणि बाबा एकटे. चौदा इंची पडद्यावर आधी हस्तलिखिताचे पान उघडायचे, एक परिच्छेद डोक्यात धरायचा, मग मुद्रिताचे पान पुढे आणून तो ताडून पाहायचा, की पुन्हा मागे. दोन्ही पाने शेजारी शेजारी लावली तर अक्षरे मुंगीएवढी होतात. त्यात बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागलेला.

व्हायचे ते झाले. एका पुस्तकात लागोपाठच्या दोन परिच्छेदांची सुरुवात एकाच शब्दाने होती. पाने पुढेमागे करताना नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली आणि मधला सहा ओळींचा मजकूर गळाला तो गळालाच. पुस्तक छापून झाल्यावर लेखकाच्या लक्षात आले. प्रकाशक सज्जन, ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “पुढचे पुस्तक मोठे आहे, ४१२ पानांचे. तुम्हाला झेपेल ना? नाहीतर दुसऱ्या कोणाकडे देऊ.” बाबांनी “झेपेल” म्हणून सांगितले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले. पानामागे पैसे मिळतात. ती ४१२ पाने म्हणजे आमच्या घराचे दोन महिने होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक ताई राहतात. त्या हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकाचे काम करतात. मार्च २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोरोनाचे रुग्ण सापडले आणि पंधरा दिवसांच्या आत अनेक कंपन्यांनी आपापली माणसे घरी बसवली. त्या वेळी ताईंनी स्कूटरच्या पायथ्याशी मॉनिटर ठेवून धायरीला आणला होता. आता त्या आठवड्यातून दोनच दिवस नवले पूल, चांदणी चौक असे करत हिंजवडी गाठतात. बाकीचे दिवस घरूनच काम. त्यांच्या टेबलावर लॅपटॉपला दोन मोठे पडदे जोडलेले मी पाहिले होते. एकावर एक काम, दुसऱ्यावर दुसरे, आणि माउसचा बाण एका पडद्याच्या कडेतून निघून दुसऱ्यात शिरतो. बाबांना हेच हवे, हे माझ्या लक्षात आले. ताईंनी आपला जुना, बावीस इंची मॉनिटर आम्हाला असाच देऊन टाकला. दुसरा तसलाच मी बुधवारातल्या तपकीर गल्लीतून दोन हजार रुपयांना वापरलेला घेतला. माझ्या शिष्यवृत्तीचे पैसे होते.

लॅपटॉपला एचडीएमआयचे एकच तोंड आणि मॉनिटर दोन. मी दुकानात विचारले, “एकाचे दोन करायला काही मिळते का?” दुकानदाराने एक डबी पुढे केली. तिचे नाव स्प्लिटर. सातशे रुपये. त्याने मला फसवले असे मुळीच नाही. मी जे मागितले ते त्याने दिले. घरी येऊन जोडणी केली. दोन्ही पडदे लखकन उजळले आणि दोन्हींवर एकच चित्र! डावीकडे मुद्रिताचे पान, उजवीकडे तेच मुद्रिताचे पान. बाबा म्हणाले, “अगं, आता तीच चूक मला दोनदा दिसेल.”

हे असे का झाले ते समजून घ्यायला मला तीन-चार दिवस लागले, आणि या लेखाचा गाभाही तोच आहे.

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. नेहमीच्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६००. ही सबंध रांगोळी संगणक सेकंदाला साठ वेळा नव्याने पाठवतो आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ अंक लागतात, म्हणजे शून्य किंवा एक असे २४. सगळ्यांचा गुणाकार सेकंदाला सुमारे तीनशे कोटींवर जातो. एवढा प्रवाह त्या करंगळीएवढ्या जाडीच्या केबलमधून अखंड वाहत असतो. हे चित्र रचण्याचे काम संगणकातला एक स्वतंत्र भाग करतो, आणि तो एका वेळी किती वेगवेगळी चित्रे रचू शकेल हे कारखान्यातच ठरलेले असते.

मॉनिटर जोडला की तो आधी त्याच केबलमधल्या वेगळ्या तारांवरून लॅपटॉपला आपले ओळखपत्र दाखवतो: मी अमुक बनावटीचा, माझ्यावर इतके ठिपके मावतात. ओळख पटली की लॅपटॉप त्याच्यासाठी एक चित्र रचू लागतो. स्प्लिटरची गोची इथेच आहे. तो मधे बसून एकच ओळखपत्र पुढे करतो. मागे दोन मॉनिटर आहेत याचा लॅपटॉपला पत्ताच नसतो. तो इमानाने एकच चित्र पाठवतो आणि स्प्लिटर त्याच्या दोन प्रती काढतो. सभेत वक्ता एकच असतो आणि कर्णे दोन लावलेले असतात, तसे. कर्णे वाढवले म्हणून दुसऱ्या कर्ण्यातून दुसरे भाषण ऐकू येत नाही. दोन वेगळी चित्रे हवीत तर लॅपटॉपमधून दोन वेगळे प्रवाह बाहेर पडले पाहिजेत.

मग ते बाहेर पडणार कोठून? लॅपटॉपच्या कडेला जी तोंडे असतात त्यांना पोर्ट म्हणतात, आणि त्यांची एक वंशावळच आहे. सर्वांत जुने व्हीजीए, आयबीएम कंपनीने १९८७ साली आणलेले. पंधरा पिनांचे, बहुधा निळ्या रंगाचे, दोन्ही बाजूंना स्क्रू पिळावे लागणारे. मग २००२ साली एचडीएमआय, जे टीव्हीमुळे घरोघर पोचले. २००६ साली डिस्प्लेपोर्ट, जे कचेऱ्यांतल्या मॉनिटरांवर जास्त दिसते. आणि २०१४ साली यूएसबी-सी, ते लंबगोल छोटे तोंड, जे आता बहुतेक नव्या मोबाइलवरही असते आणि उलटसुलट कसेही घातले तरी बसते.

बाबांचा लॅपटॉप २०१४ सालचा, कुठल्याशा कचेरीतून निघालेला. त्याच्या डाव्या कडेला एक निळे, धूळ भरलेले तोंड होते. आम्ही त्याकडे कधी पाहिलेच नव्हते. जणू वाड्यातला बंद केलेला दरवाजा. ताईंनी ते पाहिले आणि हसून म्हणाल्या, “अगं, हे असताना तू सातशे रुपये कशाला घालवलेस?” एक मॉनिटर एचडीएमआयवर आणि दुसरा व्हीजीएवर! दोन वेगळी तोंडे, दोन वेगळे प्रवाह. मधे कसलीही डबी नको. ताईंच्या अडगळीत व्हीजीएची केबल होतीच.

मात्र आणखी एक प्रश्न होता: लॅपटॉप एकूण किती चित्रे रचू शकतो? जुन्या लॅपटॉपांत दोनाचीच मर्यादा असे, आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा हा त्यातलाच एक धरला जाई. इंटेलच्या चिपमध्ये तीन पडद्यांची सोय २०१२ च्या सुमाराची. आमचा त्यानंतरचा असल्याने निभावले. नवा आणि महागडा म्हणजे जास्त पडदे, असेही समजू नये. ॲपलने २०२० साली एम-१ चिप घातलेले जे लॅपटॉप काढले त्यांना बाहेरचा एकच पडदा जोडता येत असे. पुष्कळांनी दोन मॉनिटर आधी विकत घेतले आणि मग डोक्याला हात लावला. तेव्हा खरेदीला जाण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपचे माहितीपत्रक काढून ‘बाहेरचे पडदे किती’ ही एक ओळ वाचून घ्यावी.

आता यूएसबी-सीविषयी, कारण तुमच्यापैकी ज्यांचे लॅपटॉप नवे आहेत त्यांना निळे तोंड मिळणार नाही. या तोंडाची गंमत अशी की दिसायला सगळी सारखी, पण गुण वेगळे. काहींतून नुसती वीज आणि फायली जातात; काहींतून चित्रही जाते. शेजारी इंग्रजी ‘पी’च्या आत ‘डी’ बसवल्यासारखी खूण किंवा विजेच्या बाणाची खूण असेल तर चित्र जाण्याची आशा बाळगावी. तरी माहितीपत्रक पाहिलेले बरे, कारण साधी विजेची खूण चार्जिंगसाठीही काढलेली असते.

ज्यातून चित्र जाते अशा तोंडाला एक हब किंवा डॉक लावून त्यातून दोन मॉनिटर चालवता येतात. इथे एकाच केबलमधून दोन निरनिराळी चित्रे एकामागोमाग गुंफून जातात आणि डॉकमध्ये सुटी होतात. ही युक्ती डिस्प्लेपोर्टच्या २०१० सालच्या आवृत्तीपासून आहे. विंडोजवाल्यांना ती चालते. ॲपलच्या प्रणालीने मात्र ती मानलेली नाही, आणि तिथे पुन्हा माझ्या स्प्लिटरसारखेच दोन्हीकडे एक चित्र दिसते. ताईंच्या एका मैत्रिणीने याच कारणासाठी डॉक दोनदा बदलून आणला; डॉकचा दोष नव्हताच.

स्वस्त हबबद्दल आणखी एक. यूएसबी-सीच्या आत वेगवान प्रवाहासाठी चार मार्गिका असतात. मार्गिकांचा हिशेब सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. साधारण हबमध्ये त्यांतल्या दोन चित्राला आणि दोन फायलींच्या ये-जा करण्याला दिलेल्या असतात. डिस्प्लेपोर्टच्या त्या २०१० च्या आवृत्तीच्या वेगाने चित्राच्या दोन मार्गिकांत नेहमीच्या आकाराचे दोन पडदे मावतात. पण ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्याचे ठिपके चौपट, ८२,९४,४००. तो एकटाही सेकंदाला साठ वेळा मावत नाही. मग तीसच वेळा पाठवावा लागतो, आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. लोक मॉनिटरला नावे ठेवतात.

आणि ज्यांच्या लॅपटॉपमधून यूएसबीवाटे चित्र जातच नाही, किंवा जास्तीचा पडदा बसतच नाही, त्यांच्यासाठी ‘डिस्प्लेलिंक’ जातीच्या डब्या मिळतात. त्या वेगळ्या मार्गाने जातात: लॅपटॉपवर एक प्रणाली बसवायची, ती चित्र आकसून साध्या फायलीसारखे यूएसबीतून धाडते आणि डबी ते पुन्हा उलगडते. लिहिण्यावाचण्याच्या कामाला हे पुरते. लॅपटॉपवर भार मात्र पडतो, पैसे देऊन पाहायच्या चित्रपटांच्या जागी कधी कधी काळा चौकोन दिसतो, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर अशी प्रणाली बसवायला कंपनीची परवानगी लागते. ताईंना ती मिळाली नाही.

आमच्या टेबलाकडे परत येते. जोडणी झाल्यावर विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबले की चार पर्याय येतात. त्यांतला ‘एक्स्टेंड’ निवडायचा, म्हणजे टेबल वाढवल्यासारखे पडदे एकमेकांना जोडले जातात. मग सेटिंगमध्ये मॉनिटरांचे चौकोन दिसतात. ते प्रत्यक्षात जसे मांडले असतील तसेच माउसने ओढून मांडायचे, नाहीतर बाण उजवीकडे न्यावा तर तो डावीकडून उगवतो. पहिल्या दिवशी आमचे असेच झाले आणि बाबांनी संगणकाचा उद्धार केला. एखादी खिडकी शेजारच्या पडद्यावर ढकलायला विंडोज, शिफ्ट आणि बाणाचे बटण.

पुस्तकाचे पान उभे असते आणि मॉनिटर आडवा, ही अडचण बाबांनीच काढली. तपकीर गल्लीतल्या मॉनिटरचा स्टँड फिरणारा होता. तो उभा केला, सेटिंगमध्येही ‘पोर्ट्रेट’ केले, आणि मुद्रिताचे सबंध पान, शिरोलेखापासून पृष्ठांकापर्यंत, मोठ्या अक्षरांत एका नजरेत आले.

आता कोणता मॉनिटर कोणत्या केबलवर, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण नव्हता. एचडीएमआयमधून चित्र अंकांच्या रूपात जाते. ठिपका एकतर पोचतो किंवा नाही. व्हीजीएमधून ते विजेच्या कमीअधिक दाबाच्या रूपात जाते आणि वाटेत किंचित पुसट होते. मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण दाबले की बरेच सुधारते, पण कडा पूर्ण धारदार होत नाहीत. इतर कोणाला हे जाणवणारही नाही. बाबांचे नवे पुस्तक मात्र पन्नासच्या दशकात लिहिलेले आत्मकथन होते. हस्तलिखितात जुन्या वळणाचे अनुच्चारित अनुस्वार जागोजाग. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते गेले. १९७२ साली आणखी चार नियम येऊन एकूण अठरा झाले. छापील पुस्तकात उच्चारित अनुस्वार राहिला पाहिजे, अनुच्चारित एकही राहता कामा नये. म्हणजे बाबांचे निम्मे काम शिरोरेघेवरच्या एका टिंबाचे. तेच टिंब पुसट दिसले तर काय उपयोग? म्हणून मुद्रित एचडीएमआयच्या उभ्या पडद्यावर, हस्तलिखिताची छायाचित्रे व्हीजीएवर, आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर शब्दकोश व नियमावली.

उंचीचे गणित शेवटी जमले. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, आणि अंतर हातभर, असे सांगतात. आम्ही त्याप्रमाणे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे खाली सारले. तिसऱ्या दिवशी बाबांची मान धरली. कारण त्यांचा चष्मा दुहेरी काचेचा; जवळचे पाहायला ते खालच्या काचेतून पाहतात, आणि पडदा उंच असला की हनुवटी वर करून बसावे लागते. दिवाळी अंक काढून घेतले, मान सुटली. चष्मा दुहेरी असेल त्यांनी पडदा खालीच ठेवावा.

विजेचे म्हणाल तर असला एक मॉनिटर वीस-पंचवीस वॅट खातो, जुन्या ट्यूबलाइटपेक्षा कमीच. दिवे गेले की दोन्ही पडदे विझतात; लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि उघडलेली सगळी पाने धावत येऊन त्याच्या छोट्या पडद्यावर गोळा होतात. काम बुडत नाही. दिवे आले की पाने पुन्हा आपापल्या जागी लावावी लागतात, एवढेच.

बाबा म्हणतात, खिळ्यांच्या दिवसांत देवनागरीच्या जोडाक्षरांपायी इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरे लागत. कंपोझिटर केसेसच्या मधोमध उभा राही आणि न पाहता हात योग्य घरात जाई. आता ते तीन पडद्यांच्या मधोमध बसतात. ४१२ पानांचे पुस्तक ठरल्या तारखेनंतर दोन दिवसांनी गेले. गाळलेली ओळ एकही निघाली नाही. अनुस्वार तीन राहिले, ते दुसऱ्या वाचनात त्यांनाच सापडले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर करायची ठरली आहे. त्याच प्रकाशकांकडून पुढच्या पुस्तकाची पहिली चौसष्ट पाने आली आहेत.

स्प्लिटर टेबलाच्या खणात पडून आहे. स्नेहसंमेलनात सभागृहाच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र दाखवायला तोच लागतो, हे मला आता कळले आहे. सांस्कृतिक मंडळाला हवा असल्यास मिळेल, परत करण्याच्या बोलीवर.